नमुना सही

कोथरूड, पुणे
मंगळवार, रात्री

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तू पोचल्याचा मेसेज आईला आला. मला आला नाही, तेही बरोबरच आहे. फोन करणार होतो, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि मग तू ‘बरं, बरं’ म्हणून ठेवून देतेस. म्हणून कागद घेतला.

गौरीजेवणाच्या दिवशी मी ते बोलायला नको होतं. निदान मामा-मामींसमोर तरी. तू इतक्या हौसेनं ती आइनस्टाइनच्या सहीची फ्रेम बबल रॅपमधून सोडवत होतीस, आणि मी माझं बँकेतलं भिंग आणून दहा सेकंद बघितलं आणि निकाल देऊन टाकला, ‘सही हळू काढलीय, खोटी आहे.’ मग किंमत विचारली. एक लाख ऐंशी हजार ऐकल्यावर जे बोललो ते इथे पुन्हा लिहीत नाही. गौरी-विसर्जनाला थांबणार होतीस, ती रात्रीच्याच बसने गेलीस. आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते.

पैसे कुठून आणलेस, हे मी विचारणार नाही. तू कमावतेस, तुझा हिशेब तुझ्यापाशी. तो विषय संपला.

सहीबद्दल बोलतो. त्यातलं मला थोडं कळतं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या बघून आपलं घर चाललं. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगायचो, चेकवरची सही कार्डावरच्या नमुन्याशी हुबेहूब जुळली तर खूश होऊ नका, आधी घाबरा. माणूस एकच सही दोनदा करत नाही. तंतोतंत जुळली म्हणजे कुणीतरी खाली कागद ठेवून गिरवलीय. तू सांगत होतीस ना, त्या चांद्रवीरांच्या सह्यांचं? नासाकडे ऑटोपेन नावाचं यंत्र होतं, खरं पेन पकडून साच्यावरून सही ओढायचं. शाई खरी, पेन खरं, माणूस भलतीकडेच. अशा दोन सह्या एकीवर एक ठेवल्या की रेघ न् रेघ बसते, आणि तिथेच त्या पकडल्या जातात. आर्मस्ट्राँगने तर १९९४ मध्ये सह्या देणंच थांबवलं, लोक घेतात आणि विकतात म्हणून. मला तो माणूस आवडला.

नक्कल करणाऱ्याचं सगळं लक्ष अक्षराच्या आकाराकडे असतं. वेग त्याला जमत नाही. त्यामुळे रेघ सगळीकडे सारखी जाड येते, सुरुवात आणि शेवट बोथट. खऱ्या सहीत पेन कागदावर टेकायच्या आधीच धावत असतं आणि उचललं जातं तेही धावतच, म्हणून शेपूट बारीक होत जातं. तुझ्या ‘ए. आइनस्टाइन’च्या शेवटच्या अक्षराला मला ते शेपूट दिसलं नाही.

पण मुक्ता, मी बघितलं काचेतून. ट्यूबलाइटखाली. आणि माझ्याकडे नमुना कुठे होता? नमुन्याशिवाय सही नाकारली असती तर मी ज्युनिअरला फैलावर घेतलं असतं.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. आईलाही अर्धीच माहीत आहे. एक पेन्शनर बाई महिन्याच्या एक तारखेला यायच्या, नेहमी जरीकाठी नऊवारी, हातात कापडी पिशवी. एकदा त्यांची सही जुळेना. मी स्लिप परत केली. त्यांनी पुन्हा केली. पुन्हा परत. बाकावर बसून, मांडीवर पिशवी ठेवून, त्यांनी अकरा वेळा सही केली. मी अकराही वेळा कार्डाकडे बघत राहिलो, बाईंकडे एकदाही नीट बघितलं नाही. बघितलं असतं तर कळलं असतं की उजवा हात डाव्या हाताने धरून लिहितायत. अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. आजारपणाचा, म्हातारपणाचा कंप बहुधा रेघेत सगळीकडे असतो, नक्कल करणाऱ्याचा हात मधेच, बहुतेक वळणावर अडखळतो. हा फरक मी पुढे सगळ्यांना शिकवला. कुठून शिकलो ते सांगितलं नाही.

तर तुझ्या सहीचंही मी तेच केलं. आता हवं तर चूक म्हण.

फ्रेमवाल्याने काच थेट कागदाला चिकटवून बसवलीय, ते मात्र आधी बदलून घे. दमट हवेत शाई काचेला धरते. मधे पुठ्ठ्याची चौकट हवी, तीही आम्लविरहित कागदाची. तुझ्या हॉलमध्ये पश्चिमेची खिडकी आहे, त्या भिंतीवर लावलीस तर उन्हाने शाई उडेल. लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेप तर नकोच. आणि विकणाऱ्याला विचार, त्याच्याआधी ती कुणाकडे होती, त्याच्याआधी कुणाकडे. नुसत्या छापील सर्टिफिकेटला अर्थ नाही, ते मीही घरच्या प्रिंटरवर काढून देईन. आम्ही घरासाठी कर्ज देताना तीस वर्षांचे मागचे कागद बघायचो. आणि कर्जाचं म्हणशील तर क्रेडिट कार्डावर हप्ते पाडून मिळाले म्हणजे वस्तू स्वस्त झाली असं नसतं, बिल थकलं की वर्षाला छत्तीस-चाळीस टक्के व्याज लावतात ते लोक, नानाकाकांचं शनिवारातलं घर कसं गेलं हे मी तुला

बघ. पुन्हा तिथेच आलो. खोडत नाही, वाच आणि सोडून दे.

आणि पुढे-मागे मादाम क्युरीचं काही घ्यायचं मनात आणू नकोस. तिच्या वह्या पॅरिसला शिशाच्या पेट्यांत ठेवल्यात. रेडियम निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘तुम्ही तिला घाबरवायला आता किरणोत्सर्ग आणलात का?’ तीन दिवसांतलं कामाबाहेरचं पहिलं वाक्य.

काल एलआयसीची पावती शोधताना फायलीत एक पोस्टकार्ड सापडलं. तुझ्या हातचा पत्ता : आयुका, गणेशखिंड, पुणे ७. मागची बाजू कोरी.

तू सहावीत होतीस. खगोलशास्त्राच्या त्या संस्थेत दुसऱ्या शनिवारचं व्याख्यान. स्कूटरवर तू पुढे उभी राहायच्या वयाची नव्हतीस तरी सेनापती बापट रस्त्यावर तसाच हट्ट केलास. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन, त्या चारही पुतळ्यांना हात लावल्याशिवाय आत यायला तयार नव्हतीस. व्याख्यान संपल्यावर नारळीकर सरांभोवती हा गराडा, प्रत्येक पोराच्या हातात वही. सरांची रीत ठरलेली होती, वहीत सही नाही. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायचा, उत्तर येईल, त्याखाली सही असेल. परत येताना आपण कार्ड घेतलं. पन्नास पैशांचं.

पत्ता तू त्याच रात्री लिहिलास. मग प्रश्न विचारायला लागलीस, सरांना नाही, मला. ‘बाबा, आकाश जिथे संपतं तिथे काय असतं, हे विचारू?’ मी म्हणालो, पुस्तकात असेल. ‘तारे पडले तर आवाज येतो का?’ मी म्हणालो, एवढ्या मोठ्या माणसाला असलं विचारून वेळ घालवू नये. चार-पाच प्रश्न मी असेच परत केले. मग सहामाही आली आणि कार्ड राहिलं ते राहिलंच. सर पोरांच्या कसल्याही प्रश्नांना उत्तरं पाठवायचे, हे मला नंतर कळलं. २० मे २०२५ ला ते गेले, त्या रात्री तू फोनवर बराच वेळ काही बोलली नाहीस. मला वाटलं, रेंज गेली.

त्या सहीचे पैसे लागणार नव्हते. हा टोमणा नाही. ती मिळाली नाही याला मी कारण आहे, एवढंच म्हणतोय.

याच मुलीने त्याआधीच्या वर्षी गणिताच्या पेपरावर माझी सही केली होती! बाईंना कळलं नाही. मला कळलं, कारण तू शेवटची रेघ माझ्यापेक्षा झोकात ओढली होतीस. वेग होता तिच्यात. मी ओरडलो नाही हे तुला आठवतं का? तो पेपर माझ्याकडे आहे.

रात्री झोप लागेना म्हणून तुझ्या या छंदाचं वाचत बसलो. फ्रान्सिस क्रिकने १९ मार्च १९५३ ला बोर्डिंगमधल्या आपल्या बारा वर्षांच्या मुलाला सात पानी पत्र लिहिलं, नुकतीच शोधलेली डीएनएची रचना आकृती काढून समजावली. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत ती एप्रिलच्या अखेरीस छापून आली, त्याच्या आधी पोराला ठाऊक! २०१३ मध्ये त्या मुलाने पत्र लिलावात काढलं, कमिशन धरून साठ लाख डॉलरच्या वर गेलं. निम्मे पैसे बाप जिथे काम करायचा त्या संस्थेला दिले म्हणे, तरी बापाचं पत्र विकलं हे मला पटलं नाही. पण मजा अशी, की खाली ‘क्रिक’ अशी सही नाहीच. ‘डॅडी’ लिहिलंय.

तर आता असं कर. फ्रेम उघडून दिवसाच्या उजेडात मोठे फोटो काढ, सरळ आणि तिरपे, मागचा कागदही. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात आइनस्टाइनचा दफ्तरखाना आहे, त्यातली त्याच सुमाराची चार-पाच पत्रं बघायला मिळतात का बघ. मला पाठव. घाई करणार नाही. कार्ड समोर ठेवून बघेन, माणसाकडेही बघेन.

मेतकूट आणि तुझा राहिलेला चिवडा आई कुरिअरने पाठवतेय. ते पोस्टकार्डही पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढून घेतलं. ते इथे राहू दे.

तुझा,
बाबा

ता. क. हप्ता असलाच, तर कोणत्या तारखेला जातो तेवढं फक्त कळव. आईला कळवलंस तरी चालेल.