तिमाही वर्गणी व मदतीच्या अर्जाबाबत सूचना

सर्व सभासद भगिनींना कळविण्यात येते की, या तिमाहीची वर्गणी महिनाअखेरपर्यंत मंडळाच्या बँक खात्यातच जमा करावी. रोख स्वीकारली जाणार नाही. पिको-फॉल मशीनसाठी अर्ज केलेल्या ताईंचे बचत खाते पतीसोबत संयुक्त असल्याने, त्यांच्या एकटीच्या नावे खाते उघडल्यावर, कोटेशन पाहून रक्कम थेट दुकानदाराला दिली जाईल व बिल ताईंच्याच नावे घेतले जाईल. (हा आग्रह काहींना जाचक वाटतो, परंतु कष्ट तिचे आणि पासबुक दुसऱ्याच्या कपाटात, असे होऊ नये.) म्हसवड येथे १९९७ साली महिलांनी महिलांसाठी सुरू केलेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेत खाते उघडण्यासाठी एका सभासदाने या ताईंसोबत जावे. अर्जदारांच्या घरगुती अडचणी मंडळाबाहेर सांगू नयेत.

— कार्यवाह