सांताची बदली

गडचिरोली, 27 डिसेंबर

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू अगदी हळू आवाजात म्हणालीस, "बाबा, रंगपेटीवर आपल्या नाक्यावरच्या दुकानाचं लेबल आहे. 180 रुपये." मी हातातला चहा खाली ठेवला. लेबल काढायचं राहिलं, कबूल. आता सांताची खरी जन्मकथा ऐक. मीठ-मसाला माझा आहे, तो तुला ओळखू येईलच.

हा मूळचा निकोलस, चौथ्या शतकातला. आताच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी पुढे बिशप झाला. तेव्हा रेनडिअर नावालाही नव्हतं. शेजारी एका गरिबाच्या तीन मुली, लग्नाला पैसे नाहीत. (हे ऐकून आजी म्हणाली, "म्हणजे हुंडा तिकडेही होताच मेला!") निकोलसनं रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. थोरली उजवली. मग मधलीसाठी दुसरी थैली.

इतकं चांगलं काम केल्यावर आमच्या खात्यात जे होतं तेच झालं. बदली! मेल्यावरही सुटका नाही. 1087 साली इटलीतल्या बारी शहराच्या खलाशांनी त्याची हाडंच उचलून तिकडे नेली. पुढे हॉलंडात रुजू झाला. तिथं बरं होतं, पांढरा घोडा मिळाला. पोरं अजून त्या घोड्यासाठी बुटात गाजर ठेवतात. मग अमेरिका. 1823 साली छापलेल्या एका कवितेनं घोडा काढून आठ रेनडिअर दिले, आणि थॉमस नास्ट नावाच्या व्यंगचित्रकारानं त्याला थेट उत्तर ध्रुवावर टाकलं. सहा महिने रात्र, शेजार अस्वलांचा. त्यापुढे माझं गडचिरोली म्हणजे पुणंच.

अरे हो, तिसरी थैली राहिलीच. त्या रात्री मुलींचा बाप मुद्दाम जागा राहिला. थैली पडल्याचा आवाज आला तसा धावत सुटला आणि त्यानं निकोलसला गाठलंच. निकोलसनं त्याच्याकडून वचन घेतलं, मी आहे तोवर कुणाला सांगायचं नाही.

तर तू मला गाठलंस. बंटी अजून पाचच वर्षांचा आहे, आणि त्याच्या गाडीच्या खोक्याखाली तेच लेबल आहे. दुपारी तो झोपला की ओल्या फडक्यानं भिजवून काढ. नखानं खरवडू नकोस, पांढरा डाग राहतो.

तुझा,
बाबा