एकांकिकांच्या तालमींचा वारसाही जपा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फोर्टमधल्या मुंबई विद्यापीठाच्या इमारती २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. राजाबाई टॉवरकडे मान वर करून पाहताना आजही ऊर भरून येतो. पण १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात पिढ्यान् पिढ्या मुलं शिकली, त्यांच्या चालीरीतींची नोंद कुठे आहे?

एकांकिकांचंच बघा. आयएनटीची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा किंवा विद्यापीठाचा युवा महोत्सव जवळ आला की कॉलेजांतून तालमी रंगतात. पहिल्या वर्षाच्या पोरांनी आधी विंगेत उभं राहून प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगात लागणारं सामान, सांभाळायची, हा शिरस्ता. नोकरीला लागलेले दादा-ताई ऑफिस सुटलं की तडक तालमीला येतात, चुका काढतात, वर वडापावही खिलवतात. प्रयोगाआधी नटराजाची पूजा, नारळ आणि मग घसा बसेपर्यंत 'आवाज कुणाचा!' प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री 'सवाई' एकांकिका स्पर्धेला तर नाट्यगृह पहाटेपर्यंत जागं असतं. यातलं काहीच अभ्यासक्रमात नाही, एका बॅचने दुसरीला शिकवत आणलेलं आहे.

आमच्या कॉलेजात नेपथ्याच्या लाकडी लेव्हल्स, म्हणजे रंगमंचावर मांडायचे चौथरे, होत्या. दरवर्षी नवा रंग चढायचा, पण खालच्या बाजूला ब्रश लावायचा नाही, असा दंडक होता. तिथे प्रत्येक बॅचने ऑइलपेंटने आपली नावं आणि एकांकिकेचं नाव लिहिलेलं असायचं. हॉलच्या नूतनीकरणात त्या सगळ्या भंगारात गेल्या. कुणी साधा फोटोही काढून ठेवला नाही, याचं फार वाईट वाटतं.

परंपरेच्या नावाखाली रॅगिंगची पाठराखण मात्र कुणी करू नये. राज्यात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे आणि तो हवाच. धाकट्याला घाबरवणारी रीत मोडलीच पाहिजे. त्याला हाताशी धरून शिकवणारी टिकली पाहिजे.

माझी मागणी मोठी नाही. संध्याकाळी हॉलला कुलूप लावण्याआधी कॉलेजांनी तालमीच्या मुलांचा विचार करावा. आणि विद्यापीठाने आपल्या कलिना संकुलात एखादी खोली या परंपरेच्या संग्रहासाठी द्यावी. तिथे कॉलेजांचे वार्षिकांक, संहिता, स्पर्धांची पत्रकं, फोटो जमा व्हावेत, जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित व्हाव्यात. हे काम मराठी आणि नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येईल. आमच्या एकांकिकांच्या हस्तलिखित संहिता आणि प्रकाशयोजनेची टिपणं मी अजून जपून ठेवली आहेत. विद्यापीठाने मागितली तर स्वतः नेऊन देईन.

– एक माजी विद्यार्थिनी, दादर