विषय: सेन्सर बिघडल्यावरही हीट मॅट तापवत ठेवणारा थर्मोस्टॅट

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

आपल्या प्रतिनिधीने आज बोलणं अर्धवट असताना फोन ठेवला, म्हणून हे लेखी.

कॉर्न स्नेक जातीच्या पाळीव सापाच्या काचपेटीखाली आपली 14 वॅटची हीट मॅट आणि तिच्यासोबतचाच, तापमान पाहून ती चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट आहे. मॅट तळाच्या एक तृतीयांश भागाखाली, पेटीला रबरी पाय, सेन्सर मॅटच्या बरोबर वर काचेला चिकटवलेला. सगळं आपल्या पुस्तिकेप्रमाणे. स्क्रीनवर 30 अंश, वेगळ्या थर्मामीटरवर त्याच जागी 41.

सेन्सरच्या जॅकची पिन दमट हवेने हिरवी पडली आहे. सेन्सर तापला की त्याचा विद्युत रोध कमी होतो: 25 अंशांना 10 किलोओहम, 30 ला साधारण 8. गंजाने त्यात 3 किलोओहमची भर घातली की थर्मोस्टॅटला पेटी थंड वाटते आणि तो तापवत सुटतो. पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर दोन्ही आकडे जुळले. याहून गंभीर म्हणजे सेन्सर उपटून ठेवला तरी मॅट चालूच राहते. वायर तुटली तर एरर दाखवून रिले (मॅटची वीज चालू-बंद करणारा स्विच) सुटला पाहिजे, हे आपल्या इंजिनियरना सांगावं लागू नये.

आता ते संभाषण. प्रतिनिधी म्हणाले, "सर, कोकणात तर गरमच असतं, हीटर कशाला लावता?" दापोलीत थंडीत पहाटे पारा 10-12 अंशांपर्यंत उतरतो, असं सांगितलं. त्यावर, "मग थर्मोस्टॅट काढा, मॅट डायरेक्ट बोर्डात लावा. गरम लागलं तर साप सरकेल ना." सरकत नाही! पोटाखालची काच तापली तरी साप तिथेच वेटोळं घालून पडून राहतो आणि पोटाचे खवले भाजतात. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मॅट विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला एवढंही माहीत नसावं? वरिष्ठांना जोडा म्हटल्यावर उत्तर आलं, "गंज वॉरंटीत बसत नाही." आणि फोन बंद.

गंज वॉरंटीत बसत नसेल, तर किनारपट्टीवर हा माल विकूच नका.

14 वॅट दिवसभर चालले तरी युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी वीज जाते. बल्बपेक्षा बिल कमी येतं आणि पेटीतली हवाही कोरडी पडत नाही, म्हणून बेताच्या खर्चात साप पाळणारे मॅट घेतात. स्वस्त घेतलं म्हणून जनावर भाजलं तरी चालेल, असं कुणी ठरवलं? सध्या मॅटच्या वायरमध्ये 40 अंशांना तोडणारा बायमेटल कटऑफ जोडून काम भागवलं आहे. शंभर रुपयांच्या आत मिळतो. तो आपण कारखान्यातच का घालत नाही?

थर्मोस्टॅट बदलून द्या, सीलबंद जॅकचा. आणि सेन्सर उपटल्यावर मॅट चालू राहते, याची सूचना हा माल घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला पाठवा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवून रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. दोन्ही थर्मामीटरचे फोटो आणि सेन्सर उपटल्याचा व्हिडिओ सोबत जोडला आहे.

— एक ग्राहक, दापोली