नोंदवहीतल्या शून्यांबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

आपण माझ्या फुलपाखरांच्या नोंदवह्या वाचून परत पाठवल्यात त्याला आता तीन आठवडे झाले. आभाराचे चार शब्द त्याच दिवशी लिहायला हवे होते. पण वही उघडली की आपण ठेवलेल्या पहिल्याच चिठ्ठीपाशी मी थांबत असे आणि पत्र लांबणीवर पडत असे. हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे, कारण माझ्यासारखे हौसेने नोंदी ठेवणारे इतरही अनेक असतील आणि त्यांच्याही वह्यांत ‘आज काही नाही’ अशी पाने असतील.

अकरा वर्षे मी एकाच पायवाटेवरून, आठवड्यातून एकदा, फुलपाखरे मोजत आलो. पद्धत माझी नव्हे. ब्रिटनमध्ये १९७६ पासून हौशी निरीक्षक जशी मोजणी करतात, तशीच ही आहे: ठरलेली वाट, ठरलेली चाल, आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटरच्या आत जे दिसेल तेवढेच मोजायचे. या नोंदी कोणाच्या तरी उपयोगी पडाव्यात म्हणून मी यापूर्वी तीन ठिकाणी गेलो होतो. एका तज्ज्ञांनी वही न उघडताच दुर्मीळ काही आढळले तर कळवायला सांगितले. एका कार्यालयाने सर्व पानांच्या प्रती आठ महिने ठेवून घेतल्या आणि पोच दिली नाही. तिसऱ्या ठिकाणी छायाचित्र नसलेली नोंद ग्राह्य धरत नाहीत असे कळले. न दिसलेल्या फुलपाखराचे छायाचित्र कसे काढायचे, हे मात्र तेथे कोणी सांगितले नाही.

आपण वह्या उघडल्यात, आणि त्याही भरलेल्या पानांवर नव्हे. तासभर उन्हात चालून एकही फुलपाखरू दिसले नाही की मी वैतागून ‘फेरी वाया’ असे खरडून ठेवत असे. अशा प्रत्येक पानात आपण कागदाची एक बारीक पट्टी ठेवलीत आणि तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेत: ‘वाया नाही. येथे शून्य मांडा.’ माझ्या वहीवर आपण एक रेघही ओढली नाहीत. सहा वर्षांपूर्वीच्या एका पानावर ‘ताप, गेलो नाही’ असे होते. तेथील पट्टीवर होते: ‘येथे शून्य नको, जागा रिकामीच ठेवा. तापातून लवकर उठलात ना?’ मॅडम, ही चौकशी सहा वर्षे उशिराने आली, तरी ती वाचून मला वही मिटून ठेवावी लागली.

शून्य आणि रिकामी जागा यांतला हा फरक आयुष्यभर शिकवण्याचे काम करूनही माझ्या लक्षात आला नव्हता. पाहूनही न दिसणे ही माहिती आहे. न पाहणे ही केवळ उणीव आहे. न दिसलेले फुलपाखरू तेथे नव्हतेच असेही नाही, ते नजरेतून सुटलेले असू शकते. आणि ते सुटण्याची शक्यता किती, हे पुन्हा पुन्हा घातलेल्या फेऱ्यांमधल्या शून्यांवरूनच काढता येते. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल यांच्या चमूने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कॅलिफोर्नियातील योसेमिटी या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानात छोट्या सस्तन प्राण्यांची पाहणी करताना काय सापडले याबरोबरच सापळे किती लावले हेही लिहून ठेवले होते. त्यामुळे त्यांच्या ‘न सापडण्या’लाही अर्थ उरला. सुमारे नव्वद वर्षांनी तीच ठिकाणे पुन्हा तपासली गेली, तेव्हा २८ पैकी निम्म्या जातींच्या वावराच्या सीमा सरासरी सुमारे ५०० मीटर अधिक उंचीवर सरकल्याचे दिसले. तो प्रदेश एकोणिसाव्या शतकापासून संरक्षित असल्यामुळे त्यात जमीनवापराच्या बदलाची भेसळ कमी होती आणि तापमानवाढीचा ठसा बराच स्पष्ट उमटला.

माझ्या वाटेचे तसे नाही, हेही आपणच दाखवून दिलेत. मी मनाशी ठरवून टाकले होते की फुलपाखरे घटली ती वाढत्या उन्हाळ्यामुळे. आपण एवढेच विचारलेत: वाटेच्या तिसऱ्या टप्प्यावरची झुडपे कोणत्या वर्षी काढली? उत्तर देताना मीच गडबडलो, कारण शून्ये दाट झाली ती नेमकी त्याच सुमारास. झुडपे गेली की अळ्यांचे अन्न जाते, आणि सावली गेल्यामुळे तीच जमीन अधिक तापते. मग घट कोणाच्या खात्यावर मांडायची, जमिनीच्या की हवामानाच्या? ब्रिटनमधील फुलपाखरांच्या ज्या ४६ जातींना ऊब वाढल्यावर उत्तरेकडे पसरायला हवे होते, त्यांपैकी तीनचतुर्थांश जाती घटल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते. हवामान अनुकूल झाले, पण जाण्यासाठी अधिवासच उरला नव्हता. जेथे सखोल शेती आणि तापमानवाढ या दोन्हींचा मारा एकत्र होतो, तेथे कीटकांची संख्या तुलनेने अबाधित जागांपेक्षा जवळजवळ निम्म्याने कमी असल्याचे २०२२ च्या एका जागतिक विश्लेषणात दिसले. शेती कमी सखोल असेल आणि आसपास नैसर्गिक अधिवास पुरेसा शिल्लक असेल, तर हा मार बऱ्याचदा सौम्य होतो, असेही त्यात आढळले. तिसऱ्या टप्प्याबद्दल मला काही आशा वाटते ती एवढ्याच आधारावर.

मला हवा होता तो निष्कर्ष आपण दिला नाहीत, याबद्दल वेगळे आभार मानायला हवेत. एका वाटेवरून दोन कारणे वेगळी करता येत नाहीत, त्यासाठी झुडपे शाबूत असलेली दुसरी वाट बरोबरीने मोजावी लागेल, असे आपण स्पष्ट लिहिलेत. त्या क्षणी मी हिरमुसलो, हे कबूल करतो. पण यापूर्वी मला टाळणाऱ्यांपैकी एकानेही, माझ्या नोंदींतून काय सिद्ध होत नाही हे सांगण्याइतके त्यांना गंभीरपणे घेतले नव्हते. सौजन्य म्हणजे गोड बोलणे असा आपल्याकडे समज आहे. माझ्या मते समोरच्याचे काम शेवटच्या पानापर्यंत वाचणे हे त्याहून दुर्मीळ सौजन्य आहे, आणि ज्ञानाच्या व्यवहारात पदव्यांपेक्षा तेच अधिक टंचाईचे झाले आहे. अर्थात माझा अनुभव तीन दारांचा. तेवढ्यावरून सरसकट विधान करू नये, हेही मी आपल्याकडूनच शिकलो.

दुसरी वाट निवडली आहे. जुन्या वाटेवरची या आठवड्याची फेरी काल झाली: ऊन स्वच्छ, वारा मंद, पहिल्या टप्प्यावर नऊ, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर शून्य. शून्य शाईने मांडले आहे. आपल्या पट्ट्या मात्र ज्या पानांत होत्या तेथेच आहेत.

आपला कृतज्ञ,
फुलपाखरे मोजणारा एक निवृत्त शिक्षक