कालव्याखालचं आणि कालव्यावरचं

लेस बॉर्जेस ब्लांकेस,
१२ डिसेंबर

ती. काकांस सा. न. वि. वि.

इथली शेती कशी आहे, असं तुम्ही विचारलंत. लेस गारिगेस हा स्पेनमधल्या कातालोनियातला जवळपास ८०० चौरस किलोमीटरचा तालुका, गावं २४ आणि माणसं जेमतेम १९ हजार. समुद्र इथून दिसत नाही. तुम्हाला चटकन कळेल असं सांगायचं तर आपल्या बारामतीसारखंच आहे: कालव्याखाली बागायत, वर जिरायत. पाऊस वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास, तोही वसंतात आणि शरदात. उन्हाळा कोरडा ठणठणीत.

उर्जेलचा कालवा सेग्रे नदीवरून निघतो, लांबी १४४ किलोमीटर. १८६२ मध्ये पाणी सुटलं, म्हणजे आपल्या नीरा डाव्या कालव्याच्या तेवीस वर्षं आधी. सुरुवातीला झालं तेही ओळखीचंच: पाणी आलं पण निचरा नव्हता, मग जमिनी क्षार साचून चोपण झाल्या आणि हिवताप पसरला. चर खणून क्षार धुऊन काढायला फार वर्षं गेली. आज बॉर्जेस आणि जुनेदाच्या बाजूला मका, लसूणघास, पीच, नासपती आहेत. पण पाटाचं पाणीही कायमचं नसतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये धरणात साठाच नव्हता, म्हणून सिंचन बंद केलं आणि पुढे फळझाडं जगण्यापुरतंच पाणी दिलं.

माझा जीव मात्र वरच्या जिरायतीत गुंततो. दक्षिणेकडे ग्रानादेया, जुंकोसाकडे जमीन चढत जाते, तिथे सगळं ऑलिव्ह. वाणाचं नाव आर्बेकिना, अर्बेका गावावरून पडलेलं. फळ जेमतेम दीड-दोन ग्रॅमचं. १९५६ च्या फेब्रुवारीत अशी कडाक्याची थंडी पडली की झाडं बुंध्यापर्यंत जळाली. कापल्यावर मुळाशी फुटवे आले, त्यातले दोन-तीन राखले. म्हणून जुनं झाड एका खोडाचं नसतं, मधल्या मेल्या बुडख्याभोवती दोन-तीन खोडं उभी असतात.

शेतातून निघालेल्या धोंड्यांच्या ताली रचलेल्या आहेत, चुना नाही की माती नाही. त्यातच कमानीच्या छपराची दगडी खोपटी. कमान लाकडी साच्यावर रचायची, वरून मातीचा थर द्यायचा आणि त्यात आयरिस या फुलझाडाचे कंद लावायचे. मुळं माती धरून ठेवतात, नाहीतर एका पावसात छप्पर उघडं पडेल. आत चूल, खेचराची गव्हाण आणि शेजारी पावसाचं पाणी साठवायचं टाकं. पाण्याची ही काळजी फार जुनी आहे. अर्बेकाजवळ इ. स. पू. आठव्या शतकातली, इथल्या प्राचीन इबेरियन लोकांची गढी आहे, तिच्याही मधोमध विहीर.

सध्या काढणी चालू आहे. फळ झोडून जाळ्यांवर पाडतात. आधीच खाली पडलेलं फळ वेगळं ठेवायचं, नाहीतर मातीचा वास सगळ्या तेलाला लागतो. माल त्याच दिवशी घाण्यावर गेला पाहिजे. ढीग रात्रभर राहिला तर आतून तापतो, आंबतो. हिमानं धरलेल्या फळाच्या तेलाला ओल्या लाकडाची चव येते, ती कशानंही जात नाही. घाण्यात पाला उडवतात, धुतात, बियांसकट ठेचतात आणि लगदा अर्धा तास सावकाश घुसळतात, तो २७ अंशांच्या पुढे तापू न देता. जास्त तापवलं तर तेल थोडं जास्त निघतं, पण सुगंध जातो. मग यंत्रात गरगर फिरवून तेल वेगळं काढतात. पाच किलो फळाला साधारण एक लिटर. गावोगावी घाणा सहकारी संस्थेचा, त्यामुळे हिशोबाची भाषा तुम्हाला परकी वाटणार नाही.

डबा पाठवते आहे. तेल न गाळलेलं आहे, तळाला गाळ बसेल. वरचं अलगद दुसऱ्या बरणीत काढा, नाहीतर गाळ आंबून तेल नासवतो. बरणी अंधारात ठेवा, चुलीजवळ नको, आणि होळीपर्यंत संपवा. इथे ते भाजलेल्या पावावर मीठ टाकून खातात. काकूंना म्हणावं, गरम ज्वारीच्या भाकरीवर घालून बघा.

तुमची पुतणी