‘ब्लँक कशाचा लावलाय?’ असं विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

परीक्षा झाली, निकाल लागला, सगळे आपापल्या वाटेने गेले आणि तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. आता मानतेय, तेही चारचौघांत. तुमच्या हाताखालून गेलेले बरेच जण हे वाचतील आणि आपापली भर घालतील, अशी खात्री आहे.

रसायनशास्त्राला कायमचा रामराम ठोकायचा म्हणून आमच्यातले कितीतरी जण जीवशास्त्राकडे आले होते. वेळापत्रकात ‘बायोअ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री’ (सजीवांतले पदार्थ वेगळे करून मोजण्याचं रसायनशास्त्र) दिसल्यावर वर्गाची तोंडं कशी झाली होती, हे तुम्हाला आठवत असेल. तुम्ही मोल-मोलॅरिटीने सुरुवात केली नाहीत. पहिल्याच तासाला खडूच्या भुकटीने भरलेली काचेची नळी आणलीत, वरून पानांचा अर्क सोडलात आणि हिरव्या-पिवळ्या पट्ट्या सुट्या होताना आम्हाला नुसतं बघत बसवलंत. मग म्हणालात, हे शोधून काढणारा मिखाईल त्स्वेत वनस्पतिशास्त्रज्ञ होता. १९०६ साली या पद्धतीला ‘क्रोमॅटोग्राफी’ हे नाव मिळालं ते त्याच्याकडून. सोरेनसेनने १९०९ मध्ये पीएचचं माप मांडलं, तेही एन्झाइमवर काम करता करता. म्हणजे हा विषय कुणी आमच्या माथी मारलेला नव्हता, आमच्याच जातकुळीच्या लोकांनी अडलं तेव्हा तो उभा केला होता. कपाळावरच्या आठ्या तिथेच निम्म्या कमी झाल्या.

पिपेटचं, म्हणजे ठरावीक द्रव मोजून उचलण्याच्या साधनाचं, प्रात्यक्षिक मला अजून सगळ्यात जास्त आठवतं. तुम्ही प्रत्येकाला १ मिलिलिटर पाणी पुन्हा पुन्हा काढून तराजूवर तोलायला लावलंत. २० अंश तापमानाला ते ०.९९८ ग्रॅम भरायला हवं, एवढंच फळ्यावर लिहिलंत आणि बाजूला झालात. एकाचे सगळे आकडे एकमेकांना चिकटून, पण सगळेच कमी. दुसरीचे कधी वर, कधी खाली, सरासरी मात्र बरोबर. तुम्ही पहिल्याची पिपेट बदललीत आणि दुसरीला अंगठा हळू सोडायला सांगितलात. दोष यंत्राचा की हाताचा, हे आकड्यांच्या पसरण्यावरून ओळखता येतं, हे त्या दिवशी कळलं. संख्याशास्त्राच्या तासाला प्रमाण विचलनाची व्याख्या आम्ही पाठ केली होती, पण ती कशाला असते ते या तराजूपाशी समजलं.

स्पेक्ट्रोफोटोमीटरपाशी, म्हणजे नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणाऱ्या यंत्रापाशी, तर तुम्ही पहारा द्यायचात. क्युव्हेट (नमुन्याची चौकोनी कुपी) खरखरीत बाजूंनी धरा, गुळगुळीत बाजू पुसून घ्या, आत बुडबुडा नाही ना बघा आणि ब्लँक, म्हणजे यंत्राचं शून्य ठरवायला ठेवलेला नमुन्याविना द्रव, कशाचा लावलाय ते सांगा. ‘पाण्याचा’ असं उत्तर आलं की तुमच्या भुवया वर जायच्या. नमुना बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) असेल तर ब्लँक त्याच बफरचा हवा, नाहीतर बफरने शोषलेला प्रकाशही आपण प्रथिनाच्या खात्यावर टाकतो. २६० नॅनोमीटरला साधं प्लॅस्टिकचं क्युव्हेट का चालत नाही, हेही तुम्ही सांगितलं नाहीत. रिकामंच आत ठेवायला लावलंत आणि प्लॅस्टिकच सगळा अतिनील प्रकाश गिळतं, हे आम्हाला स्वतः पाहू दिलंत.

आणि तो २ चा नियम! प्रकाशशोषणाचं रीडिंग २ आलं म्हणजे शंभरातला एकच भाग प्रकाश पलीकडे पोचला, ३ आलं म्हणजे हजारातला एक. एवढ्याशा उजेडावर यंत्राने काय सांगावं? शिवाय आत इकडून तिकडून शिरलेला भटका प्रकाश असतोच. नमुना पातळ करा, पुन्हा वाचा, ही तुमची आज्ञा. स्टँडर्ड कर्व्हच्या (माहीत असलेल्या प्रमाणांवरून काढलेल्या आलेखाच्या) शेवटच्या बिंदूपलीकडे पट्टी ठेवून रेघ वाढवणाऱ्यांची जर्नलं तुम्ही सही न करता परत करायचात.

पण मला खरे आभार मानायचेत ते ब्रॅडफर्डच्या, म्हणजे रंगावरून प्रथिन मोजायच्या पद्धतीच्या, दिवसाचे. एकच नमुना निम्म्या वर्गाने २८० नॅनोमीटरला मोजला आणि निम्म्याने कुमासीच्या रंगाने, ५९५ ला. प्रथिनाचं प्रमाण दोन्हीकडे वेगळं आलं, आणि वर्गात भांडण जुंपलं. तुम्ही शांतपणे ऐकत होतात. मग विचारलंत, तुमचं यंत्र नक्की काय मोजतंय? २८० ला दिसतात ती मुख्यतः ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन ही अमिनो आम्लं. कुमासी चिकटते ती मुख्यतः आर्जिनिन या तिसऱ्याच अमिनो आम्लाला. प्रथिन म्हणून प्रथिन कुणीच मोजत नव्हतं! शिवाय ब्रॅडफर्डमध्ये आम्ही तुलनेला घेतलं होतं बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन हे गाईच्या रक्तातलं प्रथिन, आणि त्याचा रंग इतर बऱ्याच प्रथिनांपेक्षा गडद येतो. त्यामुळे आमचं उत्तर ‘एवढ्या अल्ब्युमिनइतका रंग’ एवढंच होतं. पुढच्या तासाला तुम्ही जिलेटिन मोजायला दिलंत. त्यात ट्रिप्टोफॅन जवळपास नसतंच. वजन करून विरघळवलेलं प्रथिन डोळ्यांसमोर असताना २८० ला यंत्र जवळजवळ काहीच नाही म्हणत होतं. तेव्हा झालेली वर्गाची शांतता मला अजून आठवते.

तेव्हापासून समोर कुठलाही आकडा आला की तो कशाचा, हा प्रश्न आधी येतो. डीएनएची शुद्धता दाखवणारं २६०/२८० गुणोत्तर (दोन्ही तरंगलांबींच्या शोषणाचं) १.८ आलं की लोक निश्चिंत होतात. तुकडे तुकडे झालेला डीएनएही तेच गुणोत्तर दाखवतो, म्हणून तुकड्यांची लांबी कळावी यासाठी मी जेल लावून बघते. ट्रिस बफर २५ अंशांना पीएच ८ ला आणून शीतगृहात नेला की ४ अंशांना तो ८.६ च्या आसपास जातो, हेही तुमच्यामुळे डोक्यात पक्कं आहे. माझं आजचं काम एन्झाइमचं आहे, त्यामुळे याचा हिशोब रोजच ठेवावा लागतो.

सगळंच आवडलं होतं असं म्हणणार नाही. टायट्रेशनवर इतके तास घालवायची गरज होती का, याबद्दलचं माझं मत अजून बदललेलं नाही. आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंचं वस्तुमान मोजायची पद्धत) तुम्ही शेवटच्या दोन तासांत कोंबलीत, ती पुढे माझी मला शिकावी लागली. पण कॅल्क्युलेटरने दिलेले आठही अंक उत्तरात उतरवणाऱ्यांना तुम्ही लाल शाईने वठणीवर आणलंत, त्याबद्दल टायट्रेशनचे तास माफ.

एक विनंती आहे. प्रात्यक्षिकांची तुमची हस्तलिखित टिपणं, समासातल्या तिरकस शेऱ्यांसकट, माझ्याकडे झेरॉक्सच्या झेरॉक्सच्या रूपात आहेत आणि काही पानं आता वाचताच येत नाहीत. मूळ प्रत तुमच्याकडे असेल तर द्या. टाइप करायचं काम माझं, आकृत्याही नीट काढून देते, आणि तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय ती कुणाला देणार नाही. मास स्पेक्ट्रोमेट्रीचं प्रकरण लिहायला तयार असाल तर फारच उत्तम. टायट्रेशनची प्रकरणं किती ठेवायची, यावर मात्र आपल्याला बसून बोलावं लागेल.

आपली,
मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी